भुवयांचा नकार

शिराझ, ८ मेहर

चि. फरनाझ हिला अनेक आशीर्वाद.

डाळिंबं पाठवली आहेत; तेहरानला याहून गोड मिळतात असं पुन्हा लिहू नकोस. निलगून बरी आहे. पाचवं वर्ष सरत आलं, शब्द अजून चारच.

थोरली बहीण म्हणून एक बोलू? स्वमग्न मुलांची ती परदेशी संवादचाचणी तू फारसीत उतरवते आहेस, याचा मला अभिमानच आहे. पण पहिला नंबर माझ्याच लेकीचा लागला. ‘नकार कळवते का?’ यापुढे तू शून्य लिहिलंस, ते मी मागे उभी राहून पाहिलं. तेव्हापासून तिला काही विचारायचा धीरच होत नाही. नुसतं समोर ठेवते, भरवते. लोभ आहेच, पण सध्या रुसलेला आहे.

तुझी आबजी,
मनीजे

तेहरान, १७ मेहर

ती. मनीजे आबजीस सा. न. वि. वि.

डाळिंबं आंबट निघाली. आता माझा कान धर.

काल निलगूनची चित्रफीत पुन्हा पाहिली. मी विचारते, साबणाचे फुगे अजून उडवू का? ती भुवया वर उचलते, बाबा चहा नको असला की उचलतात तश्शा. मी निमूट बाटलीला झाकण लावते, आणि लगेच शून्य लिहिते! का, तर मूळ चाचणीत मान डावी-उजवीकडे हलली तरच ‘नाही’. अगं, आपण इराणी सगळेच भुवयांनी नाही म्हणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सहकाऱ्यांना दाखवलं, तर आधी सगळे पोट धरून हसले, मग तो प्रश्न दुरुस्त केला. आता भुवयांनाही पूर्ण गुण.

तिला विचार, आबजी. खूप विचार. ती उत्तर देते. आणि रुसवा सोड.

तुझी अपराधी,
फरनाझ

शिराझ, २ आबान

चि. फरनाझ हिला अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

पत्र वाचून रडले, मग वांग्याचं कालवण घेऊन तिच्यापुढे बसले. विचारलं, वाढू? भुवया वर! भात? तोंड उघडलं. तिचा बाबा कामरान तर दिवसभर काहीबाही विचारत तिच्यामागे फिरतो. नकार मिळाला की टाळ्या वाजवतो. लेक नाही म्हणाली म्हणून शेजारी मिठाई वाटणारे आम्हीच.

रागाच्या भरात तुझा फोटो कपाटात टाकायला काढून ठेवला होता. काल निलगूनपुढे धरला आणि विचारलं, मावशीला ठेवून देऊ आत?

भुवया वर. फोटो पुन्हा भिंतीवर आहे.

तुझी आबजी,
मनीजे