बाहेरच्या पडवीतलं पान

३ सप्टेंबर १९५७, एटापल्ली

तुळस पुन्हा पिवळी! परवापर्यंत खालची दोन-चार पानं होती, आज मधली फांदीच्या फांदी. सासूबाई तिच्या डब्याजवळ बसून राहिल्या, चहा गार झाला. मग म्हणाल्या, "तुह्या हाताले वाढच नाई, वच्छला." रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाल्या.

ही तुळस त्यांच्या चिमूरच्या अंगणातली. सासरे गेले, घर मोठ्या दिरांकडे गेलं, आणि यांना इथल्या शाळेवर मास्तर म्हणून पाठवलं. तेव्हा सासूबाईंनी त्या घरातून एवढीच वस्तू मागून घेतली. तुपाच्या डब्यात लावली. आलापल्लीपर्यंत मोटारीत मांडीवर, पुढं बैलगाडीत मांडीवर! वाटेत मी एकदा म्हटलं, द्या घटकाभर माझ्याकडे. दिली नाही.

आणि माझ्या हाताचं काय सांगू! इथं आल्यावर तेरडा लावला, मेला. सदाफुली लावली, तीही मेली. सदाफुली कुणाच्या हातून मरते का? दोनदा पोटात राहिलं, तेही टिकलं नाही. सासूबाई ते कधी बोलून दाखवत नाहीत. पण 'वाढ नाई' म्हटलं की मला तेच ऐकू येतं.

कार्तिकात तुळशीचं लग्न. तोवर ती जगली पाहिजे. नाही तर सासूबाई चिमूरला परत जाणार, दिरांच्या दारात. "जिथी माही तुळस नाई तिथी मी कायले राहू?" असं यांना स्पष्ट सांगितलंय.

४ सप्टेंबर

पाणी कमी पडतं म्हणावं, तर तसंही नाही. आंघोळ झाली की सासूबाई तांब्याभर घालतात. मग हे. मग मी. शिवाय कंपाउंडरच्या बायको, इंदुताई, न्हाऊन ओल्या केसांनी लोटा घेऊन येतात – आमच्या वस्तीत दुसरी तुळस नाही ना! एवढी सेवा कुणाची होत असेल? आणि तरी ही रुसलेली.

६ सप्टेंबर

विळ्यावर बोट कापलं. चांगलंच. सोमारी नेहमीसारखी जळतणाची मोळी घेऊन आली होती, रानातल्या माडियांच्या टोल्यावरून, म्हणजे त्यांच्या वाडीवरून. रक्त पाहून तशीच मागं वळली आणि जाड जाड, गुबगुबीत पानं घेऊन आली. निखाऱ्यावर जरा शेकली, चुरडली, बोटावर बांधली. "उद्या बरा," म्हणाली.

जाताना व्हरांड्यातले माझे तेरड्याचे-सदाफुलीचे मेलेले डबे पाहून खूप हसली. "बाई, एवढा रान हाये! डब्यात झाड काऊन?" काय सांगणार? मलाही हसू आलं.

८ सप्टेंबर

कावळा शिवला. मागच्या पडवीत चटई, एक तांब्या, एक थाळी. एका बाजूला जळतण, एका बाजूला मी. सासूबाईंनी दारातून बजावलं, "तुळशीवर सावली पडू देऊ नको. आधीच अर्धी गेली हाये." व्हरांड्याच्या बाजूला तोंडसुद्धा करत नाही मी. ही वहीही शिवायची नसते म्हणे. ती मात्र शिवते!

बोटाला बांधायची पानं उरली होती. एक कुडाच्या भेगेत खोचून ठेवलं, लागलं तर असावं म्हणून. बोट खरंच बरं झालंय. लागणार नाही.

२० सप्टेंबर

तुळशीची आणखी एक फांदी गेली. आज मी तिला दोन तांबे पाणी घातलं.

६ ऑक्टोबर

हे मी कसं लिहू!

आज पुन्हा बाहेर बसले. चटई अंथरली, पाठ टेकायला गेले, तर मानेला काहीतरी मऊ लागलं. अळी वाटली, ओरडलेच. वळून पाहते तर ते पान – भेगेत खोचलेलं, विसरून गेलेलं पान – आणि त्याच्या काठाला ओळीनं झाडं फुटलेली!

खरीखुरी झाडं. नखाएवढी. पानाच्या काठावर जिथं जिथं खाच, तिथं तिथं एक. प्रत्येकाला जोडीनं पानं, आणि खाली गुलाबी दोऱ्यांसारखी मुळं. ती मुळं हवेत लोंबत होती! माती नाही, पाणी नाही, ऊन म्हणावं तर कुडाच्या फटीतून येईल तेवढंच. इथं कुणी येत नाही, आलं तर जळतण न्यायला. देठ भिंतीत सुकलेला, आणि पान आपल्या अंगातलं होतं नव्हतं ते या पोरांना देत बसलेलं.

माझ्या अंगावर काटा आला. किती वेळ पाहत बसले कुणास ठाऊक. सासूबाईंनी दारात थाळी ठेवली, हाक मारली, तीही मला ऐकू आली नाही.

मग एकदम आठवलं – आपण बाहेरच्या आहोत, आपली सावली पडतेय. झटकन सरकले. आणि सरकून बसल्यावर विचार आला – अगं, हे फुटलं कुठं? इथंच ना? मागच्या वेळी सगळे दिवस माझी पाठ कुठं टेकलेली होती? याच कुडाला! याच पानाखाली!

पुन्हा जवळ गेले. हात लावला. एकेका रोपट्याला लावला. भीती वाटत होती, तरी लावला.

७ ऑक्टोबर

सकाळी डोळे उघडायचा धीर होईना. म्हटलं, काळी पडली असतील. उघडले. काही झालेलं नाही! एकानं उलट तिसरं पान काढायला घेतलंय. मी इतकी रडले की सासूबाईंनी आतून विचारलं, "पोट दुखते काय व?" हो म्हटलं.

सोमारी जळतण टाकायला आली. माझ्याशेजारी येऊन बसली, तिला काही विटाळ नाही. पान दाखवलं तर तिला त्यात नवल वाटेना. तिनं सांगितलं, त्यांच्यातही बाई गावाबाहेरच्या झोपडीत बसते, कुर्म्यात. मी विचारलं, तिथं झाडं सुकतात का गं?  "कुर्म्याच्या छपरावर कोहळ्याचा वेल हाये. आम्हीच खातो," म्हणाली.

दुपारी मला काम मिळालं. पडवीत एक चिरलेलं मडकं पडलंय. त्यात माती भरली, पडवीत टाकलेली चुलीतली थोडी राख मिसळली, दोन रोपटी लावली. दोन नारळाच्या करवंटीत. दोन तशीच पानावर ठेवली. पाणी घरातल्यासारखंच, दोन्हीकडे भरपूर.

१७ ऑक्टोबर

जळतण आणायच्या निमित्तानं रोज पडवीत जाते. आज करवंटीतली दोन्ही गेली. हातात घेतली तर शेवाळासारखी विरघळली, आणि वास – आंबलेला. मडक्यातली मात्र ताठ उभी! पानावरची तहानलेली, तीसुद्धा जिवंत.

मडकं उचललं तर खालची जमीन ओली. चिरेतून पाणी निघून जातंय. करवंटीतलं जाणार कुठं?

करवंटी पुन्हा नाकाशी धरली. तो आंबलेला वास मला ओळखीचा होता. रोज सकाळी येतो. तुळशीच्या डब्यातून येतो.

डब्याला भोक नाही.

आणि आम्ही चौघं आळीपाळीनं तांबे ओततोय! माझा तेरडा, माझी सदाफुली – सगळ्यांना मीच बुडवलं. माझ्या हाताला वाढ नाही असं नाही. माझा हात जरा जास्तच उदार! हसावं की रडावं?

१८ ऑक्टोबर

यांना सांगितलं. यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "खरं आहे तुझं. त्या पानाला पानफुटी म्हणतात." मी विचारलं, मग डब्याला भोक पाडता का? "आईले विचार."

आईले विचारलं.

"भोक? तुळशीचं पानी खाली सांडन, अन् त्याच्यावरून आपन पाय देऊन जाऊ? म्हनूनच तं मी आखा डबा पाहून आनला!" म्हणजे भोक राहून गेलेलं नाही. भक्तीनंच ठेवलेलं नाही! मी म्हटलं, बाई, मग निदान पाणी तरी कमी घालू. बोट मातीत घालून बघायचं, आत ओल लागली तर त्या दिवशी नाही घालायचं. सासूबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी देवाचा नैवेद्य बंद करायला सांगितला. "पान्यानं कधी तुळस मरते काय? शिकली-सवरली म्हनून काहीही बोलाचं?"

तांब्या जागेवर ठेवला. पण या वेळी माझं मला पटलेलं होतं.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. पाडव्याला तुळशीपुढं दिवा लावताना पाहिलं – शेंड्याला मूठभर पानं, बाकी काड्या. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना फक्त तुळस दिसत नव्हती, चिमूरचं अंगण दिसत असणार, सासरे दिसत असणार. मला त्यांचा राग येईना. मनात आलं, खिळा घ्यावा आणि सगळे निजले की भोक पाडावं. नाही पाडलं. त्यांची तुळस आहे. चोरून वाचवली तर ती त्यांची राहणार नाही.

पडवीत मात्र माझं राज्य आहे. सोमारीनं आणखी पानं आणून दिली, ती सुतळीला बांधून कुडावर ओळीनं टांगली. फुटकी गाडगी मागून आणली, तळाशी खापऱ्या, वर माती आणि राख. एक पैसा लागला नाही. सगळं फुटतंय! रोज काहीतरी नवीन फुटतं आणि मी रोज तेवढीच थक्क होते.

३ नोव्हेंबर

उद्या द्वादशी, तुळशीचं लग्न. आणि आज मी बाहेर! इंदुताई म्हणाल्या म्हणे, "बरंच झालं, सावली तरी नाही पडणार." 

संध्याकाळी त्या थाळी घेऊन आल्या. एरवी उंबऱ्यातूनच सरकवतात. आज कंदील हातात होता, उजेड कुडावर पडला. थाळी हातातच राहिली.

"हे कोनं लावलं?"

"मी."

"कवा?"

"बाहेर बसले होते तेव्हा."

कंदील वर धरून त्यांनी एक एक पान पाहिलं. टांगलेली पानं, त्यांच्या काठावरची पोरं, खाली लोंबणारी मुळं. मग गाडगी पाहिली. एक उचलून फुटका तळ पाहिला. "मातीबिगर?" एवढंच पुटपुटल्या. त्यांच्या तोंडावर अगदी तेच होतं जे त्या दिवशी माझ्या तोंडावर असेल. भात गार होईपर्यंत उभ्या होत्या. मग थाळी ठेवून आत गेल्या.

रात्री घरात ठोकल्याचा आवाज आला. वाटलं, हे मांडवाचे बांबू ठोकत असतील.

४ नोव्हेंबर

जाग आली तर माझ्या चटईजवळ तुळस!

डब्याच्या बुडाला खिळ्याची भोकं. खाली देवघरातली पितळी परात, झिरपलेलं पाणी त्यात साचलेलं – कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. मी अंग चोरून कुडाला चिकटले.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. न्हालेल्या, हातात भरलेला तांब्या. मागं इंदुताई लोटा घेऊन आलेल्या, त्यांना हातानंच थांबवलेलं.

"लगीन पुनवेले लावू, तू न्हाली का मग," म्हणाल्या. "अन् अशी दूर कायले बसली? तुह्याजवळ जगते ते. शिव तिले. बोट घालून पाह्य अन् सांग मले – आज पानी घालू का नोको?"

मी बोट मातीत घातलं.

"आज नको, बाई."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.