जुडीमागे आठ पेन्स

२ फेब्रुवारी, सोमवार
ही वही नवऱ्यानं आणली. क्लाइव्ह म्हणे, माझ्या कानाशी भुणभुण करण्यापेक्षा यात लिही. ठीक. इथे कोणी मध्ये बोलत नाही.
मळ्यावर हॉस्किंग मालकानं कागद वाटले. शुक्रवारी आमची चाचणी. घड्याळ लावून तासाला डॅफोडिलच्या किती जुड्या निघतात ते मोजणार आणि दर नव्यानं बसवणार. कागद दोन पानी. मी वाचला नाही. एकोणीस हंगाम फुलं काढतेय, मला कागद काय शिकवणार? अर्थ सरळ आहे. ज्याचा हात पळेल त्याला दर जास्त.

३ फेब्रुवारी
पाऊस. काम बंद, म्हणजे आमचं बंद. ट्रॅक्टरवाला डेन्झिल तासावर आहे. तो केबिनमध्ये बसून मटण-बटाटा भरलेली पेस्टी खात होता आणि किमान वेतन मिळवत होता. ऑफिसातली शिकाऊ पोरगी, तिला कायद्यानंच कमी. आम्ही जुडीवाल्या. दहा कळ्या, एक रबर, आठ पेन्स. कायदा एकच, पण प्रत्येकाला वेगळ्या मापाचा बूट. माझा मला चावत नाही.

४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत आमच्यातल्या पॅमनं सगळ्या बायकांना गोळा केलं. म्हणाली, "शुक्रवारी हात जरा सावकाश चालवा गं. सगळ्यांची मिळून सरासरी काढणार आहेत. तासाची मजुरी त्या सरासरीनं भागून दर ठरणार, म्हणजे सरासरी वर गेली की दर खाली."
रुम्यानानं लगेच मान डोलावली. ती बल्गेरियाची, आईच्या घराचं छप्पर घालायला पैसे साठवतेय. मीही हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? पॅमला कागद वाचायची खोड आहे. ज्यांचा हात चालत नाही त्यांना वाचायला वेळ मिळतो.

५ फेब्रुवारी
शब्द दिलाय तर पाळायचा. संध्याकाळी सूपसाठी लीकची पात चिरताना सावकाशपणाचा सराव केला. जमलं. क्लाइव्हनं दोनदा विचारलं, सूप आजच मिळणार ना?

६ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा
पहिली वीस मिनिटं मी गोगलगाय होते. देवाशपथ. मग शेजारच्या ओळीतून रुम्याना पुढे गेली. जाता जाता म्हणाली, "काकू, दमलात का?"
काकू! मला त्रेपन्नावं चालू आहे.
पुढचं नीट आठवत नाही. मी पुढे, मग ती पुढे, मग परत मी. आम्हाला बघून मागच्याही पळायला लागल्या. पॅम ओरडत होती, "ग्वेंडा, अगं बाई, शुद्धीवर ये!" तासाला दोनशे साठ जुड्या. घड्याळवाला माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला.
बाकीच्या माझ्यामागे पळाल्या, तो माझा दोष नाही.

९ फेब्रुवारी
दर सात पेन्स. अख्खा हंगाम. सगळ्यांना.
मालकाला विचारलं, माझा वेगळा दर कुठाय? म्हणाला, "वेगळा कसा असेल, ग्वेंडा? सगळं कागदात होतं."
मग मोठ्या अक्षरात लिहायचं होतं.
छप्पर पुढच्या वर्षी, असं रुम्याना पॅमला सांगत होती. मी जवळच उभी होते, तरी पॅमलाच सांगत होती.

११ फेब्रुवारी
मनगट सुजलंय. फुलांच्या चिकानं हातावर पुरळ. मागच्या आठवड्याएवढ्याच जुड्या काढल्या, पैसे कमी.
सुट्टीत सगळ्या बायका पलीकडच्या बांधावर बसल्या. तिकडे वारा फार. मीच गेले नाही.

१३ फेब्रुवारी
मालकानं मुद्दाम बोलावलं. वाटलं, चूक कबूल करतोय. टेकडीपलीकडे त्याच्या चुलतभावाचा मळा आहे, तिथे सोमवारी अशीच चाचणी. म्हणाला, एक दिवस जाशील का? जुडीवर नाही, तासावर पैसे. "तुझ्यासारखी तूच, ग्वेंडा."
मी लगेच हो म्हटलं. कोणाला तरी कदर आहे.
घरी आल्यावर क्लाइव्ह म्हणाला, तुझी बहीण बेरिल तिथेच कामाला आहे ना?
बेरिलला फोन लावला. म्हटलं, घाबरू नकोस, सोमवारी मी अगदी सावकाश हात चालवीन. माझा सराव आहे.
ती म्हणाली, "फोन क्लाइव्हकडे दे."