चौथ्यांदा आत घेतलेला गणवेश

प्रिय बटणबाई,

हे नाव वाचून तू डोळे फिरवशील, माहीत आहे. सोळा वर्षांच्या मुलीला अशी हाक मारायची नाही, हे तू मला दोनदा बजावलं आहेस. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की शाळेच्या फॉर्मवर सही करतेय असं वाटतं, आणि पत्र तिथेच अडतं. तीन कागद फाडून झाले. हा चौथा आहे, तो मात्र कसाही झाला तरी पाठवणार आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढलंय, बाहेर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावलीय आणि कापडं बाजूला सारून कटिंगच्या टेबलावरच लिहायला बसलेय. इस्त्रीवाले काका मागच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेत. त्यांच्या घोरण्याची एक गंमत आहे, मशीन सुरू असलं की ते घोरतात आणि मशीन थांबलं की दचकून जागे होतात. आज मशीन बंद असूनही झोपलेत, म्हणजे तेही दमले असणार.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तू पुढचं धास्तीने वाचणार नाहीस. रुग्णालयातून सुट्टी मिळाली की तुला घरी यायचं नाही, मावशीकडे जायचंय, असं तू समुपदेशक बाईंना सांगितलंस. त्यांनी मला फोन करून कळवलं. येत्या गुरुवारी आपण सगळे बसू तेव्हा ते ठरेल, असंही म्हणाल्या. तुझं मन वळवायला मी हे पत्र लिहीत नाहीये. मावशीशी बोलले आहे. तिने मागची खोली रिकामी केली, तिथली शिलाईची कात्रणं, जुनी मासिकं, सगळं हलवलं. तू गेलीस तर मला वाईट वाटेल, खूप वाईट वाटेल, ते मी लपवणार नाही. पण अडवणार नाही.

घरचं म्हणशील तर चाललंय. बाबांची सध्या सकाळची पाळी आहे, पहिली बस तेच काढतात. दुपारी घरी येऊन स्वयंपाक करतात आणि मला दुकानात फोन करून विचारतात, मीठ कुठल्या डब्यात आहे. तू तिथे गेल्यापासून पाच आठवडे तोच डबा, तोच प्रश्न. मला वाटतं त्यांना मीठ सापडत असणार, फोन करायला निमित्त लागतं. तुझ्या खिडकीतल्या रोपाला मी पाणी जास्त घातलं, त्याची दोन पानं पिवळी पडली. आता मोजून घालते. शेजारच्या शिक्षिकाबाई दर दोन दिवसांनी तुझी चौकशी करतात. सुरुवातीला मी त्यांना तू मावशीकडे गेली आहेस म्हणून सांगत होते. गेल्या आठवड्यात कंटाळा आला खोटं बोलण्याचा. म्हटलं, तिचं मन आजारी पडलंय, उपचार चालू आहेत. मला वाटलं होतं त्या आता चार घरं फिरून येतील. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, माझा भाऊ असाच होता, तेव्हा आम्ही कुणालाच सांगितलं नाही. एवढंच बोलून गेल्या. तो भाऊ आता कसा आहे हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मीसुद्धा समुपदेशक बाईंकडे जाते, मंगळवारी, एकटी. तुला सांगितलं नव्हतं. त्यांनीच सुचवलं. मी म्हटलं, मला काय झालंय, मी ठणठणीत आहे. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी बसलात. मी म्हटलं, दिवसभर बसूनच तर असते मशीनवर. तेवढं बोलले आणि मला रडू फुटलं. चांगलं अर्धा तास. त्यांच्या टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा मी एकटीने संपवला असेल. किती वर्षं दमलेय ते मलाच ठाऊक नव्हतं गं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, मलाही घेऊन चल एकदा.

ज्या दिवशी शाळेतून फोन आला, तो दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी एका नवरीच्या ब्लाउजला बाह्या लावत होते. तुझ्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलीय, दोन तास झाले, उठत नाही, लवकर या. मी तशीच आले, टेप गळ्यात. तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि मला बघून एवढंच म्हणालीस की मला आता उठायचंच नाहीये. रागावून म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. माझ्यासारखीच म्हणालीस, दुकान बंद करताना मी म्हणते तशी. शाळेच्या नर्सताईंनी तुझ्या स्कर्टचा हुक सैल केला होता. कंबरपट्टी उलटी झाली होती आणि आतल्या टिपा दिसत होत्या, एकापुढे एक. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातली टेप बघितल्यावर त्यांना विचारायची गरजच उरली नसेल.

आता त्या टिपांबद्दल लिहायचंय.

मी ज्या बाईंच्या हाताखाली शिवण शिकले, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माप बदललं तर का बदललं ते विचारायचं नाही. माणसं जाड होतात, बारीक होतात, कुणाला दिवस जातात, कुणी आजारातून उठतं. आपण जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा आणि मान वर करायची नाही. गिऱ्हाईक आपल्यासमोर अर्ध्या कपड्यांत उभं असतं, त्याची लाज आपण राखायची. पंचवीस वर्षं मी हे पाळलं. त्यासाठीच तर लोक माझ्याकडे येतात. तुझी मावशी हसते, म्हणते, लोक मूग गिळून गप्प बसतात, तू टाचण्या तोंडात धरून बसतेस. मलाही ते कौतुकच वाटायचं.

पहिल्या वेळी तूच आलीस. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. म्हणालीस, कमरेला सैल होतोय. मी तुला त्या निळ्या स्टुलावर उभं केलं, दोन्ही बाजूंनी आत घेतला, दहा मिनिटांचं काम. मला वाटलं, उंची वाढतेय, पोरी अशाच ताडमाड होतात. दुसऱ्या वेळी तू काही बोलली नाहीस. दोरीवर वाळत घातलेला स्कर्ट मी काढला, तुझ्या आदल्या दिवसाच्या चालण्यावरून अंदाज घेतला आणि तुला न विचारता आत घेऊन पुन्हा कपाटात ठेवला. तू सकाळी घातलास, हुक लावलास, क्षणभर थांबलीस आणि दप्तर उचलून निघून गेलीस. तिसऱ्या वेळी वर्गाचा फोटो होता. तेव्हा सदराही घेतला, पाठीत दोन चुण्या घातल्या, इतक्या साफ की उलटून बघितल्याशिवाय कुणाला कळू नये. फोटोत तू सगळ्यांत नीटनेटकी दिसतेस. पालकसभेत तुझ्या वर्गशिक्षिकाच म्हणाल्या, बाकीच्या मुलींचे गणवेश गोणपाटासारखे लोंबतात, हिचा कसा अंगासरशी असतो. मी फुगून घरी आले. बाबांना दोनदा सांगितलं.

किती चांगली कारागीर आहे मी. माझी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत आटत होती आणि जगाला ते दिसू नये एवढं चोख काम मी केलं. मी भिकार शिवत असते तर शाळेत कुणाच्या तरी लक्षात आधीच आलं असतं.

काल मी गणवेश आत घेत गेल्याचं तेवढं बाबांना सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील. ते जेवताना थांबले आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, डबा मी खायचो. मला कळेना कुठला डबा. तेव्हा सगळं बाहेर आलं. शाळेतून येताना तू त्यांच्याच बसने यायचीस, आणि भरलेला डबा त्यांच्या शेजारी ठेवायचीस, आईला वाईट वाटेल म्हणून. ते शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करून तो संपवायचे, तेही मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी रोज रिकामा डबा घासताना मनाची समजूत काढायची, की जेवतेय तर खरी. आपण तिघांनी एकमेकांना किती जपलं बघ. बाबा गुरुवारी तुझ्याशी याबद्दल स्वतः बोलणार आहेत, मी आधीच फोडलं म्हणून त्यांच्यावर हसू नकोस. त्यांना रात्रंदिवस तेच खातंय.

आणि चौथी वेळ. ती तुलाही आठवत असणार. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, काका चहाला गेले होते. तू स्टुलावर, मी गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. माझं माप घेऊन झालं होतं. मी टेप गळ्यात टाकली तशी तू म्हणालीस, आई, अजून एकदा घे ना. मी वर पाहिलं नाही, नुसती मान हलवली, झालं म्हणून. तू तशीच उभी राहिलीस, स्टुलावरून उतरली नाहीस. म्हणालीस, नीट बघ ना एकदा. मला अजून तीन टाचण्या लावायच्या होत्या. त्या लावून झाल्यावर मी डबीतून आणखी दोन काढल्या आणि ओठांत धरल्या. त्यांचं काहीच काम नव्हतं गं. तोंड रिकामं राहिलं असतं तर बोलावं लागलं असतं.

बाबांना वाटतं, तुला तिथे ठेवलं म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस. मी त्यांना तसंच वाटू दिलं. पण तू मला का टाळतेस ते तुला माहीत आहे आणि मलाही. पहिल्या गुरुवारी बाईंनी विचारलं होतं, तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं. आणि मी तुझ्यासमोर, तुझ्या तोंडावर म्हटलं, मला काहीच कळलं नाही, शाळेचा फोन आला तेव्हाच समजलं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, मग खिडकीकडे, आणि त्यानंतर आजपर्यंत पाहिलं नाहीस. बाई काय म्हणतील, बाबा काय म्हणतील, याची भीती वाटली मला. पंचवीस वर्षं मापाच्या वहीत एक आकडा चुकवला नाही मी. तुझं पान आज उघडून बघितलं. पहिल्या वेळचं माप आहे, तारखेसकट. पुढच्या तिन्ही वेळांची जागा कोरी आहे. आत घेत गेले आणि माप लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मला ते वाचावं लागलं असतं. मला माहीत होतं, बाळा. दुसऱ्या वेळेपासून माहीत होतं. तू स्टुलावर उभी राहून मला विचारायला सांगत होतीस, तेही मला तेव्हाच कळलं होतं. तुझं काही चुकलं नाही, तू दाखवलं होतंस, मीच बघितलं नाही. हे मी येत्या गुरुवारी बाईंसमोर आणि बाबांसमोर सांगणार आहे. पण खोटं तुझ्यासमोर बोलले होते, म्हणून खरं आधी तुला एकटीला कळावं, चार माणसांत बसून पहिल्यांदा ऐकावं लागू नये, यासाठी हे पत्र. त्यानंतर तू मावशीकडे जा, घरी ये, माझ्याशी बोल, नको बोलूस. मी फक्त विचारणार आहे, काय होतंय तुला, आणि तू गप्प राहिलीस तरी उठणार नाही.

टाचण्या दुकानातच ठेवून येणारी,
तुझीच,
आई