खिडकीची खुर्ची आणि सहा नंबरचा डेस्कटॉप

२ मार्च, सोमवार

आधीच माफी मागतो. शुद्धलेखन चुकणार आणि टायपिंग सावकाश होणार. वाचणारं कुणी नाही, मग माफी कुणाची, हा प्रश्न मलाही पडला. पण मागून ठेवलेली बरी. एवढं टाइप करेपर्यंत चहा गार झाला.

रोजनिशी कॉम्प्युटरवर लिहिणार. सराव म्हणून. कारण आजपासून दुकानात टकटक आली आहे.

टकटक म्हणजे काकूची भाची. मी काकांचा पुतण्या. दुकान काकांचं. टायपिंग, झेरॉक्स, प्रिंट, बाइंडिंग. आता रक्ताचं नातं कुणाचं ते शेंबडं पोरही सांगेल. तरी काकांनी खिडकीजवळची खुर्ची तिला दिली. माझी खुर्ची! नववी सोडल्यापासून मी तिथे बसतोय. मला म्हणाले, तू मागच्या खोलीत बस, तिथे शांत आहे, तुला कुणाशी बोलावं लागणार नाही. केसानं गळा कापतात म्हणतात ते हेच.

ती टाइप करायला लागली की पत्र्यावर गारा पडतायत असं वाटतं. म्हणून टकटक. काकू म्हणाली, मोठी आहे तुझ्यापेक्षा, ताई म्हण. आठ महिन्यांनी मोठी. आठ महिन्यात कुणी ताई होत नाही. मी तिला हाकच मारणार नाही. काम पडलं तर खोकेन.

३ मार्च, मंगळवार

मागची खोली. कागदाचे गठ्ठे, कटिंग मशिन, डिंकाचा वास. मोठा प्रिंटर माझ्याच कॉम्प्युटरला जोडलाय. म्हणजे खरं दुकान मागेच आहे, पुढे नुसती शोभा. असं मी स्वतःला सकाळभर सांगितलं.

दुपारी स्टेपलर आणायला पुढे गेलो. (स्टेपलर मागेही आहे.) तिची स्क्रीन बघितली. बघायला नको होती.

तिनं नवा डेस्कटॉप टाकलाय. डेस्कटॉप म्हणजे स्क्रीनवर जे जे दिसतं ते सगळं, मेनू, विंडो, खालची पट्टी. आमची सिस्टीम फुकटवाली आहे, तिचा डेस्कटॉप आपला आपण बदलता येतो. माझा पाच नंबरचा, म्हणजे जुन्या आवृत्तीचा. तिचा सहा नंबरचा. विंडो ओढली की जेलीसारखी हलते. खालची पट्टी हवेत तरंगते.

प्रबंधवाल्या बाई तिच्यामागे उभ्या होत्या. या बाई वर्षभर रोज येतात आणि प्रबंधातला एक स्वल्पविराम बदलून जातात. त्या म्हणाल्या, वा! मला कधी वा म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर कधी मान वर केली नाही, हा भाग वेगळा.

संकल्प. शनिवारपर्यंत माझ्याही कॉम्प्युटरवर सहा नंबर. काका बघतील. गप्प होतील. मग म्हणतील, बाळा, चुकलो, ये खिडकीत.

४ मार्च, बुधवार

सुरुवात केली. सोपं आहे. फक्त होत नाही.

डेस्कटॉप म्हणजे सॉफ्टवेअरचं एक गाठोडं, एक पॅकेज नसतं, वऱ्हाड असतं. सहा नंबरला एक लायब्ररी, म्हणजे मदतनीस पॅकेज, लागते. ती म्हणते, येईन, पण धाकट्या बहिणीला घेऊनच. बहीण म्हणते, घरात ती जुनी आहे तोवर मी पाऊल टाकणार नाही. जुनीला जा म्हटलं तर ती म्हणते, जाते, पण प्रिंटर चालवणाऱ्या प्रिंटरवालीला पण बरोबर नेते. याला डिपेन्डन्सी म्हणतात. आमच्या घरी आत्या आणि मोठ्या काकूचं असंच आहे, त्यामुळे मला विषय नवीन नाही.

दोष माझा नाही. माझ्या सिस्टीमचा सोर्स जुना. सोर्स म्हणजे पॅकेज जिथून येतात ती जागा. म्हणून सिस्टीमच्या नव्या आवृत्तीचा सोर्सही मी माझ्या यादीत जोडला. दोन्ही ठेवले. जास्त सामान, जास्त चॉइस.

नेटवर म्हातारा बेडूक नावाच्या एकानं लिहिलंय की दोन सोर्स कधीही मिसळू नका, पस्तावाल. जळतात लोक.

टकटक दारात आली. बॅकअप घेतलास का म्हणाली. मी मान अशी हलवली की हो पण नाही आणि नाही पण नाही. मग म्हणाली, माझं ऐकशील तर वरून अपग्रेड करू नकोस, सगळं पुसून कोरी सिस्टीम टाक, मी तेच केलं. मी खोकलो. कोरं टाकणं म्हणजे हार. मी नववीत कोरा पेपर देऊन आलोय, मला कोऱ्याचं सांगू नये.

५ मार्च, गुरुवार

आज सॉफ्टवेअरनं यादी दाखवली. सहा नंबर येईल, पण खालील पॅकेज काढली जातील. यादी लांब होती. मी वाचायला घेतली. खरंच घेतली. तेवढ्यात पुढच्या खोलीत ती काहीतरी म्हणाली आणि काका हसले. पोट धरून हसले. माझ्या विनोदांवर काका कधी हसत नाहीत. (मी मनात करतो.) काकूही हसली. डिंकाचा ब्रश हातात धरून हसली.

मी Y दाबलं.

कॉम्प्युटर म्हणाला, हे धोक्याचं आहे, खात्री असेल तर हे आख्खं वाक्य टाइप कर. वाक्याचा अर्थ, होय, मी सांगतो तसंच कर. इंग्रजीत. ते टाइप करायला मला भरपूर वेळ लागला. तेवढ्यात कुणीही येऊन मला अडवू शकलं असतं. कुणी अडवलं नाही. याची नोंद असावी.

६ मार्च, शुक्रवार

आज रद्दी प्रिंटच्या मागच्या बाजूला लिहितोय. कॉम्प्युटर चालू आहे. चांगला चालू आहे. फक्त स्क्रीन काळी आहे आणि तिच्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात. मराठी टाइप केलं की नुसते चौकोन. डेस्कटॉप नाही. सहा नंबर नाही. पाच नंबरही नाही.

म्हणजे जुना गेला हे अर्धं काम झालं. उद्या उरलेलं.

काका डोकावले. हे काळं काय म्हणाले. मी म्हटलं, डोळ्यांना बरं, शिवाय वीज वाचते. त्यांना पटलं. म्हणाले, शाब्बास. उद्या बाईंचा प्रबंध छापायचाय, पाच प्रती, दुपारी चारच्या आत विद्यापीठात पोचल्या पाहिजेत, नाहीतर त्यांचं आख्खं वर्ष जाईल. मी मान हलवली. तीच, दोन्हीकडची.

मग प्रिंटरला हाक मारली. प्रिंटर गप्प. प्रिंटरवाली जुनीबरोबर निघून गेलेली. जबरदस्तीनं परत बसवायला गेलो तर म्हणे आधी बाकीच्यांची भांडणं मिटव. मग एक कमांड दिली, जी नको असलेलं काढून घर मोकळं करते. तिनं इंटरनेटही काढलं. आता माझा कॉम्प्युटर कुणाशीच बोलत नाही. याआधी मला त्याच्याबद्दल इतकं जवळचं कधी वाटलं नव्हतं.

टकटकला सांगितलं तर अर्ध्या तासात सुटेल. म्हणूनच सांगणार नाही.

७ मार्च, शनिवार, सकाळी

बाई आल्या. नवीन चपला घालून आल्या होत्या. काका म्हणाले, चल रे, दे छापायला. मी उभा राहिलो. काकांनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे. मग सुरू झाले. अरे गधड्या, वीज वाचवतोस होय! काकू मध्ये पडली, म्हणाली, पोराला नंतर खा, आधी कागद बाहेर काढा. काका म्हणाले, काढू कुठून, माझ्या टकलातून?

बाई कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. पर्स मांडीवर घेतली. हळूच म्हणाल्या, सात वर्षं लिहितेय मी हे. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

टकटक आत आली. हसली नाही. हसली असती तर मला तिचा राग तरी नीट करता आला असता. कुठला सोर्स जोडलास म्हणाली. मी बोटानं दाखवला. ती म्हणाली, दोन घरचे नातेवाईक एका खोलीत कोंडलेस की रे, आता हे भांडण सोडवत बसायला वेळ नाही. तिनं पुढचा स्वतःचा कॉम्प्युटर उचलून मागे आणला, मोठा प्रिंटर त्याला जोडला आणि माझ्या खुर्चीत बसली. काका मला म्हणाले, तू जा पुढे, गिऱ्हाइकं बघ, आणि कशाला हात लावू नकोस.

खिडकीची खुर्ची! मिळाली!

७ मार्च, दुपारी

खिडकीतून लिहितोय. मोठा विजय.

ऊन सरळ डोळ्यात येतं. पूर्वी यायचं नाही, कारण मी पडदा लावून बसायचो. टकटकनं पडदा धुवायला टाकलाय. रस्त्यावरची सगळी माणसं आत बघतात. मी बराच वेळ टेबलाखाली पेन शोधला. पेन कानावर होतं.

एका माणसाला दोन्ही बाजूंचं झेरॉक्स हवं होतं, त्याला एकाच बाजूचं दोनदा दिलं. एका आजोबांनी नाव काय तुझं विचारलं, मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी. ते म्हणाले, छान.

मग एकदम चारपाच जण आले. सगळे एकदम बोलायला लागले. एका बाईंचं बाळ झेरॉक्स मशिनवर बसवलेलं. मी खोकलो. मागून कुणी आलं नाही. परत खोकलो. एकानं मला औषधाचं नाव सांगितलं. मग तोंडातून निघालं. ताईऽऽ!

मी नाही ओरडलो. निघालं.

ती आली. सगळ्यांना रांगेत लावलं, बाळाला खाली उतरवलं आणि परत आत पळाली. मागून प्रिंटरचा आवाज येत होता. काकूनं पाची प्रती बांधल्या. बाई साडेतीनला गठ्ठा छातीशी धरून बाहेर पडल्या. दारात थांबून टकटकला म्हणाल्या, वा! मग माझ्याकडे बघितलं. मी मान वर केली होती. त्या म्हणाल्या, पेन दे रे जरा.

९ मार्च, सोमवार

कॉम्प्युटरवर लिहितोय. माझ्या. टकटकनं तो सगळा पुसून कोरी सिस्टीम टाकली. पुसायच्या आधी माझी एक फाइल काळ्या स्क्रीनमधूनच पेन ड्राइव्हवर वाचवली. फाइलचं नाव टकटक. म्हणाली, उघडली नाही मी, पण हे काय आहे? मी म्हटलं, टायपिंगचा सराव. खोटं नाही ते.

आणि डेस्कटॉप? पाच नंबरच. म्हणाली, हे मशिन म्हातारं झालंय, सहा नंबर याला झेपणार नाही. बसवला असता तरी रडत चालला असता. म्हणजे आठवडाभर मी ज्याच्यासाठी झगडलो ते होणारच नव्हतं. हे मला कळलंच होतं. मी फक्त खात्री करून घेत होतो.

सकाळी काकांनी खुर्च्यांचा निकाल लावला. टकटकनंच मागितलं म्हणे. मागे टायपिंग झपाझप होतं, कुणी मध्ये बोलत नाही, मी आतच बसू का? काका म्हणाले, बस की. मला म्हणाले, तू आता खिडकीतच. परवा ताई म्हणून हाक मारलीस ती समोरच्या फुटपाथला ऐकू गेली. घसा आहे की तुला, उगाच दोन वर्षं कोंडून ठेवलास. पडदा परत लावायचा नाही.

मी जिंकलो. खुर्ची माझी. ऊनही माझं.

ती आत आहे. तिच्या विंडो जेलीसारख्या हलत असतील. आतून गारा ऐकू येतात. काय खोली आहे ती! थंड. डिंकाचा वास. कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसलं की कुणाला दिसत नाही. कुणी नाव विचारत नाही. माझी खोली होती ती. काकांनी स्वतः मला दिली होती, शांत आहे म्हणून. आणि काकूच्या भाचीनं गोड बोलून बरोबर काढून घेतली.

संकल्प. शनिवारपर्यंत मागची खुर्ची परत

गिऱ्हाईक आलं होतं. माझं नाव विचारलं. सांगितलं. बरोबर सांगितलं.

मान वर होती म्हणून दिसलं, समोरच्या न्हाव्यानं स्वतःची मिशी काढलीय.