सासू घरात असेल तर

आई, तुम्हाला सासूबाई म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही, म्हणून आजही आईच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून त्याच संस्थेत आहे, बायकांच्या नोकऱ्यांवर संशोधन करते. तुम्ही शेजारणींना सांगायचात, "आमची सूनबाई बायका मोजते."

परवा माझ्या हाताखालच्या मुलानं आकडेवारीचं नवं मॉडेल चालवून दाखवलं. शिक्षण, नवऱ्याचा पगार, लहान मुलं, सगळं जमेस धरूनही एक गोष्ट ठळक निघाली. "मॅडम, सासू घरात असेल तर सुनेची नोकरी टिकते. एकदम क्लियर है." मी म्हटलं, आता त्याच घरांत सासूच्या कामाचं काय होतं ते बघ. त्यानं पाहिलं. नातवंड आलं की सासूचं काम सुटतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "पर मॅडम, ये तो अपना सवाल ही नहीं था."

खरंच, आमचा तो प्रश्न कधीच नव्हता. बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या वर तुमचा शिवणक्लास होता. माझी बाळंतपणाची रजा संपली त्या सकाळी मी पोरीला मांडीवर घेऊन रडत बसले आहे आणि तुम्ही माझा डबा भरताय. "काहून रडून राहिली? मी आहे ना. चलो, उठ, बस निघून जाईल." तेवढ्यात क्लासची एक मुलगी घराच्या दारात येते. "दीदी, आज ताला क्यों लगा है?" तुम्ही म्हणता, "अब लगा ही रहेगा. कटिंग आ गई ना तुझे? बाकी करते-करते आ जाएगा." मग दार लावून माझ्याकडे वळता. "चटणी वेगळी दिली आहे, सांडू नको."

मांडीवरची ती पोर आता पुण्यात असते. तिला मुलगा झाला आहे. रजा संपत आली तसा फोन आला, "आई, तू केव्हा येऊन राहिली?" मी येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. माझ्या निवृत्तीला अजून वेळ आहे आणि हे काम मला आवडतं. आज सकाळी तिला सांगितलं, महिनाभर येते, पण नोकरी सोडणार नाही, पाळणाघर आपण मिळून शोधू. तिनं विचारलं,

"आजीनं तर सोडलं होतं ना?"

"हो, सोडलं होतं."

तिनं फोन ठेवला.

मी काही माघार घेणार नाही. पण एक गोष्ट तिला सांगता आली नाही, तुम्हालाच सांगते. त्या सकाळी तुम्ही मला हेच उत्तर दिलं असतं, तर मी तुम्हाला जन्मभर माफ केलं नसतं.