तेरा चौकटींचा उशीर

प्रिय टिकटिक,

मायन्यात हे नाव मी पहिल्यांदाच लिहितो आहे. या नावाने तुला हाक मारायचे ते बाबा. मी नेहमीच तुझ्या शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने बोलावत आलो, आणि तेही बहुधा तुझी एखादी चूक दाखवायची असली म्हणजे. आज ते नाव उसने घेतो आहे. का, ते शेवटी कळेल.

रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलीस, "दादा, ती ट्यूनरची डबी अजून ठेवलीयस? टाकून दे ना. तेवढं एकच काम मला सांगितलं होतं, तेही मला धड जमलं नाही." मी "बघतो" म्हणालो आणि फोन आईच्या हाती दिला. त्यानंतर या पत्राचे चार मसुदे लिहून फाडले. पहिले तीन भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते, म्हणूनच फाडले. चौथ्यात मी स्वतःचे वकीलपत्र घेतले होते. हा पाचवा.

तुला यातले निम्मेच ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. गेल्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले त्याच पंधरवड्यात तुला त्या लहानशा दूरचित्रवाणी केंद्रावर दुपारी साडेबाराच्या बातम्या वाचायचे काम मिळाले, तेही कोणाच्या तरी रजेच्या जागी, दोन महिन्यांपुरते. केंद्र इतके छोटे की त्याच्या बातम्या इंटरनेटवर येत नसत. छतावर अँटेना असेल त्यालाच त्या दिसत. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. तेव्हा एवढेच म्हणाले, "टिकटिक पडद्यावर कशी दिसते, एकदा बघायचंय रे." घरात टीव्ही नव्हता; शेजारच्या काकू त्याच संध्याकाळी आपला टीव्ही बाबांच्या उशाशी आणून ठेवायला तयार होत्या. "आम्ही काय, महिनाभर भांडणं बघू एकमेकांची," असेही म्हणाल्या. मी नको म्हटले. माझ्या अभ्यासिकेत जुना संगणक होता, त्यावर लिनक्स ही प्रणाली चालत होती, छतावर अँटेना होताच. यूएसबीला एक ट्यूनर, म्हणजे अँटेनावरचे चित्र संगणकावर आणणारी डबी, लावायचा, नीट चालला की संगणक उचलून बाबांच्या खोलीत ठेवायचा; दुसऱ्याची पेटी उसनी कशाला आणायची, असा माझा हिशेब. तू हसून म्हणालीस, "दादा, टीव्ही लावायलाही तू आता प्रबंध लिहिणार." ते मला झोंबले. गणित शिकवणाऱ्या माणसाला आपला हिशेब कोणी हसण्यावारी नेलेला सोसत नाही.

कोणता ट्यूनर आणायचा ते मी तुला कागदावर लिहून दिले होते, क्रमांकासकट. लिनक्सवर कोणते चालतात याच्या याद्या चार दिवस वाचून मी तो निवडला होता. तू तुझ्या गावातली दुकाने पालथी घातलीस, दुकानदारासमोर माझा कागद धरून एकेक अंक जुळवलास, आणि रविवारी येताना आगपेटीएवढी ती काळी डबी घेऊन आलीस. डबी लावली. संगणकाने यंत्र जोडल्याची नोंद केली, आणि पुढे काही नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चुकीची आणलीस." आठवते? तू कागद पुन्हा पाहिलास, डबी पुन्हा पाहिलीस, आणि बाबांच्या पायाशी जाऊन बसलीस.

आता खरे काय ते लिहितो. दुसऱ्या दिवशी मी ती डबी उघडली. आतल्या चिपवरचे अक्षर दिसेना म्हणून बाबांचे डोळ्याला लावायचे भिंग मागायला गेलो. त्यांनी उशीखालून काढून दिले. घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद करून सहा वर्षे झाली तरी ते भिंग त्यांच्या हाताशीच असे. "कुणाचं घड्याळ उघडलंयस?" म्हणाले. मी म्हटले, घड्याळ नाही, तुमच्या टिकटिकचा टीव्ही. त्यावर म्हणाले, "स्प्रिंग उडाली तर पलंगाखाली बघ. तिथेच जातात सगळ्या." भिंगातून कळले ते असे: बनवणाऱ्यांनी डबीचे नाव आणि क्रमांक तेच ठेवून आतली चिप बदलली होती. तू आणलेली डबी माझ्या कागदाप्रमाणे तंतोतंत बरोबर होती. अपुरा होता माझा कागद. हे मला त्या सोमवारी दुपारी चार वाजता कळले, आणि तुला आज कळते आहे.

पुढचे पाच आठवडे मी सकाळचे कॉलेज आटोपून आलो की त्या संगणकापुढे बसत असे. त्या चिपसाठी फर्मवेअर हवे होते, म्हणजे यंत्राला जागे करणारी एक छोटी फाइल, आणि ती लिनक्समध्ये नव्हती. डबीसोबतच्या सीडीत, दुसऱ्या प्रणालीसाठी दिलेल्या प्रोग्रामच्या पोटात ती दडलेली होती. तिथून ती कापून काढावी लागली. मग केंद्रांचा शोध. पडदा मुंग्यांनी भरलेला, शून्य केंद्रे सापडली, पुन्हा शून्य. बाबा रोज साडेबाराला आईकडून उशी उंच करून घेत, आणि एकच्या सुमारास पुन्हा खाली करून घेत. मला कधीही "झालं का?" असे विचारले नाही. आई मात्र एकदा म्हणाली, "अरे, काकूंचा टीव्ही आणू या ना दोन दिवस." मी तिला म्हणालो, आता इतक्या पुढे आल्यावर माघार घ्यायची का. कुठवर आलो होतो, कोण जाणे.

तुला सांगितले ते असे, की ती डबी शेवटपर्यंत चालूच झाली नाही. ते खोटे होते.

बाबा गुरुवारी सकाळी पावणेअकराला गेले. डबी त्याआधीच्या मंगळवारी चालू झाली होती. साडेबाराला पडद्यावर मुंग्या हलल्या, विरल्या, आणि तू आलीस. निळ्या भिंतीसमोर बसलेली, केस मागे घट्ट बांधलेले. बोलायच्या आधी तू हातातले कागद टेबलावर उभे धरून ठोकलेस, बाबा गिऱ्हाइकांच्या पावत्या ठोकून सारख्या करीत तसेच. चित्र स्वच्छ होते. दोष एकच. त्या डबीतून चित्र एका वाटेने येई आणि आवाज दुसऱ्या, आणि आवाज मागे राही. तुझे ओठ मिटत, मग शब्द येई. बाबांची खोली भिंतीपलीकडे, सात पावलांवर होती. मी आवाज बारीक केला आणि दार लोटून घेतले.

का, हे तू विचारशीलच. बाबांचा नियम तुला आठवत असेल: दुरुस्त झालेले घड्याळ तीन दिवस दुकानाच्या भिंतीवर लटकत राही, आणि त्या तीन दिवसांत मागे-पुढे झाले नाही तरच गिऱ्हाइकाच्या हातात जाई. लहानपणी मी शाळेतून येऊन त्या भिंतीखाली बसे आणि वाटे, असे काम करावे. मी ठरवले, यालाही तीन दिवस नजरेखाली ठेवायचे, तेवढ्यात आवाज जुळवायचा आणि शुक्रवारी बाबांपुढे निर्दोष वस्तू ठेवायची. बुधवारी बातम्यांच्या वेळी मी आवाज थोडा वाढवून, मोबाइल स्टँडवर लावून पडद्याचे चित्रण केले, कारण तुझे कागद टेबलाला टेकतात ते चित्रात दिसते आणि त्याचा आवाज कधी येतो तेही मोजता येते. चौकटी, म्हणजे चित्रणात सेकंदाला तीस येणारी स्थिर चित्रे, मोजल्या. तेरा भरल्या. अर्ध्या सेकंदालाही थोड्या कमीच. बाबांच्या डोळ्याला हा फरक खटकला असता का, असे मी स्वतःला विचारले आणि उत्तर दिले: घड्याळजी आहेत, खटकणारच. खरे तर त्यांना तेव्हा माझा चेहराही चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी चारही मसुद्यांतून गाळली होती. तुला पाहायच्या आधी बाबांनी एकदा माझ्याकडे वळून "शाबास" म्हणावे, असे मला वाटत होते. तुझ्या कामाला मी "दुसऱ्याची वाक्यं वाचणं" म्हणालो होतो; त्याच कामासाठी ते रोज उशी उंच करून घेत होते, आणि माझ्या कामाची कोणी उशी उंच केली नव्हती. हे क्षुद्र आहे. शब्द शोधून पाहिला, याहून सौम्य आणि तरी खरा असा सापडला नाही.

गुरुवारी संध्याकाळी तू आलीस. बाहेरच्या खोलीत चपलांची गर्दी होती, तू माझी बाही धरून विचारलेस, "दिसले का रे मी त्यांना, एकदा तरी?" मी म्हणालो, "तुझ्या त्या डबीत दोष होता. चालूच झाली नाही." 'तुझ्या' हा शब्द मी निवडून वापरला. शब्द निवडण्याची मला सवय आहे. तू म्हणालीस, "मीच नीट बघून घ्यायला हवी होती." अकरा महिने मी तुला ते वाक्य बाळगू दिले.

बाबा गेल्यानंतर आठवड्याने मी आवाजाचा दोष काढला. संगणकाला द्यायच्या एका आज्ञेत एक आकडा बदलायचा होता. आता ती डबी अगदी बिनचूक चालते. घरात ती कोणी लावत नाही.

परवा आईला मी तीन दिवसांच्या नियमाबद्दल विचारले. कदाचित तिच्याकडून दुजोरा हवा होता. ती शेंगा सोलत होती, हसली. म्हणाली, "तो नियम रे तुझ्यासाठी. तू बघत बसायचास ना भिंतीखाली, म्हणून ऐटीत सांगायचे. गिऱ्हाईक घाईत असलं की म्हणायचे, चालतंय ना? मग घेऊन जा. मागे पडलं तर आणा परत." ती पुढे शेंगा सोलत राहिली.

सोबतच्या पेन ड्राइव्हवर बुधवारचे ते चित्रण आहे, एक मिनिट चाळीस सेकंदांचे. ते तुझे आहे, आणि या पत्राशिवाय ते तुला पाठवता येत नव्हते, कारण त्यात तीन आवाज आहेत. पहिला तुझा. दुसरा भिंतीपलीकडून येतो, थोडा खोल, पण कान देऊन ऐकलेस तर स्पष्ट आहे: "टिकटिक आली का?" आई तेव्हा औषधे आणायला गेली होती, ते मलाच विचारत होते. तिसरा आवाज म्हणतो, "नाही बाबा, रेडिओ आहे. पडा तुम्ही." तो माझा. तेवढा भाग कापून बाबांचा आवाज तेवढा तुला पाठवावा, असे मनात आले होते. मला ते सहज जमले असते, सांधा दिसलाही नसता. कापला नाही. शेवटपर्यंत ऐक. तू पुलाच्या कामाची बातमी वाचत असतेस, आणि बाबा पुन्हा बोलतात. म्हणतात, "रेडिओ तर रेडिओ. राहू दे चालू." त्यापुढे काही नाही. तेरा चौकटी मोजायला तेवढे पुरेसे होते, म्हणून मी चित्रण तिथे बंद केले.

तुझाच,
दादा