तुमच्याच आवाजातली चाचणी

सर, तुमच्या जागेवर मला घेतलंय. आज सकाळी विद्यापीठाचं पत्र आलं, आणि आनंद व्हायचा सोडून माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकच अट आहे: चाचणीच्या सूचना तुम्ही रेकॉर्ड केलेल्याच वापरायच्या, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींची तुलना करता येईल. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी बंगळूरच्या त्या लॅबमध्ये निपचित पडलेल्या माणसांच्या कानात अजून तुमचाच आवाज वाजतो. आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत. उजवी मूठ आवळतोय असं मनात आणा, आता सोडा. मेंदूच्या लहरींत तेवढ्यापुरता फरक पडला, तर आपला प्रोग्राम सांगतो की आत माणूस जागा आहे. नाही पडला, तर आपण लिहितो, प्रतिसाद नाही.

चिकपेटात साड्यांचं दुकान असलेले ते आपले पेशंट आजोबा तुम्हाला आठवायचे नाहीत. त्यांची सून मला बाजूला घेऊन म्हणाली होती, अक्का, आमच्या घरी सगळं मराठीत चालतं, मामंजी कन्नड बोलतात ते गिऱ्हाइकांशी. मी बेळगावची, मला हे वेगळं सांगायला नको होतं. म्हणून मीटिंगमध्ये म्हटलं, सुनेच्या आवाजात मराठीत सूचना घेऊन एकदा बघूया. तर तुम्ही चार लोकांत माझा पाणउतारा केलात. ‘मेंदूला कसली आलीय मायबोली? हा हळवेपणा घरी ठेवून येत जा.’ आणि हे म्हणालात मराठीत. बाकीच्यांना अक्षर कळलं नाही, पण माझं तोंड बघून सगळ्यांना कळायचं ते कळलं. राग आला की तुमचं इंग्रजी पळून जायचं, सर. जाणीव म्हणजे काय ते गणितात मांडायला तुम्ही उभं आयुष्य घातलंत, आणि स्वतःबद्दल एवढं कळू नये?

जयनगरच्या तुमच्या स्वयंपाकघरात तर मराठीशिवाय दुसरं काही चालायचंच नाही. काकू चपात्या लाटतायत, तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, कॉफीचं फिल्टर ठिबकतंय. ‘स्वल्प थांब गं, उतरू दे पुरती,’ म्हणता, आणि तुमच्या आईची ती जुनी, कन्नड मिसळलेली मराठी अर्धा तास ऐकवता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी चुकून मराठीत काही विचारलं, की असे दचकायचात, जणू शर्टावर आमटी सांडली. मला हे तेव्हाही सहन होत नव्हतं, आजही होत नाही.

मग तुम्हीच आडवे झालात. मेंदूत रक्तस्राव. काकू रोज तुमच्या उशाशी बसून अखंड बोलायच्या. गॅस संपला, शेजारच्यांनी फणस पाठवला, धाकटीचा फोन येऊन गेला. लॅबमध्ये ठरलं, सरांची चाचणी आपणच करायची. लहरी टिपायची टोपी मी चढवली, एकेक तार मी लावली, आणि हेडफोनमधून तुम्हाला तुमचाच आवाज ऐकवला, आधी कन्नड, मग इंग्रजी. पडद्यावरच्या लहरींत काही फरक पडला नाही. दारातच काकूंनी विचारलं, काय म्हणतंय मशीन. मी सांगितलं. त्या कन्नडमध्ये ‘सरी’, बरं, एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यानंतर तुम्ही सोळा दिवस होतात. काकू रोज यायच्या, पण बोलायच्या बंद झाल्या. ऐकूच येत नाही त्याच्याशी काय बोलायचं? सोळा दिवस त्या खोलीत तुमच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. ही तुमची पद्धत, आणि मी पुढे चालवायची ती हीच.

मी ती चालवणार नाही. पण अट काढा म्हटलं की कारण विचारतील. कारण लिहायचं तर तुमच्याच चाचणीचं लिहावं लागेल, आणि ते काकूंच्या कानावर जाईलच. दर दिवाळीला मी फराळाला जाते तेव्हा त्या अजून विचारतात, यांना ऐकू येत नव्हतं ना गं? मी म्हणते, नाही काकू. खरं म्हणजे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण आपण विचारलंच नाही.

उद्या जयनगरला जाऊन त्यांना हे सांगणार आहे, मग विद्यापीठाला. पुन्हा त्यांच्या घरात पाऊल ठेवायला मिळेल की नाही, देव जाणे. हे पत्र मात्र मी त्यांनाही दाखवणार नाही, कारण त्यात पुढचं आहे. चाचणी संपल्यावर टोपी काढायच्या आधी दहा मिनिटं खोलीत आपण दोघंच होतो. मशीन चालू होतं. सर, मूठ आवळा, एवढं मराठीत म्हणायला मला कोण अडवणार होतं? विसरले असं मी आजवर स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. मनात म्हटलं, मेंदूला मायबोली नसते ना, मग राहू दे. आणि मशीन बंद केलं.